नटाला दिसणारे चेहरे

गेल्या हंगामातील पौषाची एक रात्र होती. थंडीमुळे मांडवातील माणसे घोंगड्यांत आणि चादरींत गुरफटून बसली होती, आणि सिंधुदुर्गातील आमच्या मिठबावाशेजारच्या एका गावी ग्रामदेवतेच्या देवळापुढे दशावताराचा खेळ ऐन रंगात आला होता. आख्यान हरिश्चंद्राचे होते. तारामती मृत रोहिदासाला मांडीवर घेऊन स्मशानात बसली आहे, मृदंग थांबला आहे, पायपेटीचा एकच सूर मागे रेंगाळतो आहे, अशा वेळी बायकांच्या बाजूला एक तान्हे मूल अकस्मात मोठमोठ्याने रडू लागले. शहरातील नाट्यगृहात असे घडले असते तर चारदोन प्रेक्षकांनी माना वळवून पाहिले असते, कोणी शुक् शुक् केले असते आणि ती माता ओशाळून मुलाला घेऊन बाहेर गेली असती. येथे मात्र तारामतीची भूमिका करणाऱ्या त्या पुरुष नटाने आपला विलाप आवरला, मान त्या दिशेला वळविली, क्षणभर तो आवाज कान देऊन ऐकला आणि अगदी हलक्या स्वरात तो म्हणाला, "त्या माउलीचे भाग्य केवढे! तिचे बाळ रडते आहे. माझा रोहिदास एकदाच असा रडला असता, तर ह्या स्मशानात मी दिवाळी केली असती."

मांडवात एवढी शांतता पसरली की देवळामागच्या सुरूच्या झाडांतील वारा ऐकू येऊ लागला. मुलाची आई त्याला थोपटीत होती आणि थोपटता थोपटता स्वतःच डोळ्यांना पदर लावीत होती. हे वाक्य कोणत्याही संहितेत लिहिलेले नव्हते, कारण दशावताराला लिखित संहिताच नसते. आणि दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावी तो नट हेच वाक्य पुन्हा उच्चारील असेही नाही, कारण त्या गावी ते मूल असणार नाही.

मी व्यवसायाने समीक्षक नाही. उभी हयात महसूल खात्याच्या कचेरीत फेरफाराच्या नोंदी आणि सातबाराचे उतारे करण्यात गेली, आणि त्या रुक्ष दफ्तराच्या जोडीला एक हौस म्हणून, पाहिलेल्या प्रत्येक नाटकाची व चित्रपटाची हकिगत दुसऱ्या दिवशी सकाळी एका वहीत टिपून ठेवायची, हा शिरस्ता मी तरुणपणापासून पाळीत आलो. अशा वह्या आता पेटीभर झाल्या आहेत. गेल्या दोन-तीन वर्षांत कधी जत्रेतील मांडवात, कधी मालवणच्या मामा वरेरकर नाट्यगृहात, कधी कणकवलीच्या चित्रपटगृहात आणि लेकीकडे मुक्काम असेल तेव्हा मुंबईत, जे जे पाहिले ते ह्या वह्यांतून पुन्हा चाळीत असता एक प्रश्न मनात घर करून बसला: आपण नट पाहतो, हे खरे, पण नट आपल्याला पाहतो का?

दशावताराच्या बाबतीत ह्या प्रश्नाचे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे, आणि ते कसे, हे समजण्यासाठी त्या खेळाची घडण थोडी तपशिलाने सांगितली पाहिजे. कार्तिक महिन्यात आमच्याकडे देवळोदेवळींच्या जत्रा सुरू होतात, आणि तेव्हापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत दशावतारी मंडळींचा मुक्काम रोज नव्या गावी पडत असतो. दुपारनंतर मंडळाची गाडी गावात येते, पेटारा देवळात उतरतो, आणि ज्या गावाशी पिढ्यान्‌पिढ्यांचा मामूल ठरलेला असेल त्या गावाचे मानकरी जेवणाखाणाचा बंदोबस्त करतात. ह्या खेळाला 'दहीकाला' आणि बोलीत 'धयकालो' म्हणतात, कारण रात्रभराच्या नाटकानंतर पहाटे दहीहंडी फुटते आणि काला वाटला जातो. ही कला आडिवऱ्याच्या श्यामजी नाईक काळे यांनी अठराव्या शतकात कोकणात आणली, अशी परंपरेची समजूत आहे; कर्नाटकाच्या किनाऱ्यावरील यक्षगानाशी तिचे नाते अभ्यासकांनी पुष्कळदा जोडले आहे. मराठी रंगभूमीचा जन्म आपण विष्णुदास भावे यांच्या १८४३ साली सांगलीत झालेल्या 'सीतास्वयंवर' नाटकापासून मोजतो, आणि त्यालाही कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळाचे निमित्त झाले होते, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

खेळाचे दोन भाग. पहिला पूर्वरंग अथवा आडदशावतार, ज्यात सूत्रधार गणपतीला पाचारण करतो, रिद्धिसिद्धींसह गणपती येतो, भटजी येतो, सरस्वती येते, आणि मग वेद पळविणारा संकासुर अवतरतो: सर्वांगी काळा वेष, तोंडावर काळा बुरखा, बाहेर लोंबणारी तांबडी जीभ, आणि भाषा मात्र आमची अस्सल मालवणी. देव आणि राजे संस्कृतप्रचुर मराठीत बोलतात. हा असुर तेवढा आमच्या घरातली भाषा बोलतो, गावातील अमक्यातमक्याची खुशाली विचारतो, सरपंचांपासून शेंबड्या पोरापर्यंत सर्वांची थट्टा करतो, आणि मुले त्याला भितातही आणि त्याच्याच मागे धावतातही. नंतर मुख्य आख्यान. त्याची तयारी अशी की मंडळाचा मालक तास-दोन तास आधी रंगपटात कथेचा सांगाडा सांगतो: कोण कोणाच्या मागून येणार, कोणाचे युद्ध कोणाशी, शाप कोणी द्यायचा आणि उःशाप कोणी. एवढ्या पुंजीवर नट मांडवात जातात.

रंगपटात मी पुष्कळदा जाऊन बसलो आहे. देवळाच्या एका पडवीत बल्बच्या उजेडात प्रत्येक नट आपापली ट्रंक उघडून, तिच्या झाकणाला टेकविलेल्या हातभर आरशात पाहून, आपले तोंड आपणच रंगवितो. ज्याची तारामती पाहून आम्ही गहिवरलो तो गृहस्थ त्या संध्याकाळी काळ्या चहाचा पेला शेजारी ठेवून भुवया कोरीत बसला होता. सकाळी घरचे शेणखत आंब्याच्या मुळाशी घालून आल्याचे तो सांगत होता, आणि त्याच्या बोटांच्या पेरांतील माती पुरती गेलेली नव्हती. त्याने बांगड्या भरल्या, नऊवारी नेसली, कपाळाला मळवट लावला, पेटाऱ्यातील देवाला हात जोडले, आणि उठून उभा राहिला तो त्याची चालच बदललेली होती. ह्या स्त्रीपार्टी नटांत ओमप्रकाश चव्हाण यांचे आणि राजापार्टी नटांत, ज्यांना प्रेक्षकांनी 'लोकराजा' म्हटले त्या सुधीर कलिंगण यांचे नाव आमच्या जिल्ह्यात ज्या आदराने घेतले जाते, तो आदर मोठमोठ्या चित्रनटांनाही क्वचित लाभतो.

लिखित शब्दाचा आधार नसल्यामुळे ह्या नटाला दुसरा आधार शोधावा लागतो, आणि तो आधार म्हणजे समोर बसलेला माणूस. पुढल्या रांगेतील म्हातारा डुलकी घेऊ लागला की राजा आपले स्वगत आटोपते घेतो. बायकांच्या डोळ्यांत पाणी दिसले की राणी तोच प्रसंग आणखी चार वाक्ये लांबविते. एखाद्या पदाला दाद मिळाली की पायपेटीवाला ते पुन्हा उचलतो. सोळाव्या शतकापासून इटलीत गावोगाव फिरणाऱ्या कोम्मेदिया देल्लार्ते नावाच्या मंडळ्याही अशाच, लिखित संवादांवाचून, ठरीव पात्रे व मुखवटे घेऊन उत्स्फूर्त खेळ करीत असत. पुढे तिकडे नाटककाराचा लिखित शब्द वरचढ झाला आणि ती प्रथा जवळजवळ लोपली. आमच्याकडे ती अजून रोज रात्री चालू आहे, हे मला फार मोठे वैभव वाटते.

तारामतीवरून आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या गिरगावात कोरोनेशन चित्रपटगृहात दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला, तेव्हा त्यातील तारामतीही पुरुषच होती. कोणी स्त्री पडद्यावर येण्यास तयार होईना, म्हणून फाळक्यांनी एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांना ती भूमिका दिली. म्हणजे आपल्या चित्रपटसृष्टीची पहिली नायिका आमच्या मांडवातील राणीची सख्खी बहीणच म्हणावी लागेल. फरक एवढाच, की तो चित्रपट मुका होता. आणि बोलका असता तरीही एखाद्या प्रेक्षकाचे मूल रडले म्हणून साळुंक्यांच्या तारामतीला मान वळविता आली नसती.

ह्या विचाराला खरी धार आली ती 'दशावतार' हा चित्रपट पाहिला तेव्हा. सुबोध खानोलकर यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १२ सप्टेंबर २०२५ रोजी प्रदर्शित झाला, आणि आम्ही वाडीतील नऊ-दहा जण एक गाडी ठरवून कणकवलीला गेलो. वाटेत सर्वांचा उत्साह जत्रेला निघाल्यासारखा होता. आमच्यात तरुणपणी एका मंडळात झांज वाजविणारे एक वृद्ध गृहस्थही होते, आणि चित्रपटगृहात त्यांनी कित्येक वर्षांत पाऊल टाकले नव्हते. कथा बाबुली मेस्त्री नावाच्या वयोवृद्ध दशावतारी कलावंताची आहे. त्याची दृष्टी अधू होत चालली आहे, मुलाची इच्छा बापाने आता थांबावे अशी आहे, आणि बापाचा प्राण मात्र त्या रंगवलेल्या चेहऱ्यात गुंतलेला आहे. पुढे गावच्या राईवर आणि जमिनीवर खाणीचे संकट येते आणि नट अवतार धारण करतो. बाबुलीच्या भूमिकेत दिलीप प्रभावळकर आहेत. ४ ऑगस्ट १९४४ हा त्यांचा जन्मदिवस, म्हणजे चित्रपट आला तेव्हा त्यांना ८१ वर्षे पूर्ण झालेली होती. 'हसवाफसवी'त एका रात्रीत सहा माणसे उभी करणाऱ्या ह्या नटाला अनेक रूपे धारण करण्याची विद्या नवी नाही; परंतु ह्या वयात, रंग आणि वेष अंगावर घेऊन, कोकणच्या मातीत उभे राहून त्यांनी जे केले आहे त्याला मी मनःपूर्वक वंदन करतो.

मला पूर्वार्ध अधिक आवडला. उत्तरार्धात सूडाचा वेग इतका वाढतो की तो म्हातारा कलावंत मधूनमधून घटनांच्या मागे पडतो, आणि जे दुःख शांतपणे झिरपावयास हवे होते ते घाईने सांगितले जाते. पण रंग लावीत असता, न दिसणाऱ्या आरशाकडे रोखलेले बाबुलीचे डोळे कॅमेऱ्याने जितक्या जवळून दाखविले आहेत, तितक्या जवळून आमच्या मांडवातील पहिल्या रांगेलाही ते कधी दिसले नसते. हे चित्रपटाचे सामर्थ्य आहे. ते कबूल न करणे कृतघ्नपणाचे होईल. शिवाय ज्या कलेचे नावही महाराष्ट्राच्या अर्ध्या जिल्ह्यांना ठाऊक नव्हते, ते ह्या चित्रपटाने घरोघर नेले.

परतीच्या वाटेवर गाडीत बराच वेळ कोणी बोलले नाही. आचऱ्याच्या अलीकडे आम्ही चहासाठी थांबलो, तेव्हा ते झांजवाले गृहस्थ बशीतला चहा फुंकीत मला म्हणाले, "अण्णांनू, चित्र बरा होता. पण आमी तेका बघलाव, तेना आमका खंय बघल्यान?"

ह्या प्रश्नाने मी माझी वही पुन्हा उघडली. आपल्या किनाऱ्याचे दोन चित्रपट माझ्या मनात एकमेकांशेजारी येऊन बसले, आणि दोघांच्याही केंद्रस्थानी डोळे आहेत हे त्या वेळेपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते. संदीप सावंत यांचा 'श्वास' २००४ साली आला. कोकणातील एका खेड्यातून आजोबा आपल्या नातवाला शहरात आणतात. मुलाच्या डोळ्यांत कर्करोग आहे, शस्त्रक्रिया केली तर प्राण वाचेल पण दृष्टी कायमची जाईल, आणि म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी त्याला एकदा जग डोळे भरून पाहता यावे यासाठी आजोबा त्याला रुग्णालयाबाहेर नेतात. अरुण नलावडे यांचे आजोबा आणि अश्विन चितळेचा परशुराम ज्यांनी पाहिला ते तो विसरणार नाहीत. आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला पहिले सुवर्णकमळ मिळाल्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी मराठी चित्रपटाला तो मान 'श्वास'ने पुन्हा मिळवून दिला. एका चित्रपटात नातवाची दृष्टी जाणार आहे, दुसऱ्यात नटाची जात आहे. मूल जगाला पाहू शकणार नाही म्हणून आपण रडतो. पण नट जेव्हा प्रेक्षकाला पाहू शकत नाही, तेव्हा त्याचे काय जाते, हे जाणण्यासाठी दशावताराचा मांडव अनुभवलेला असावा लागतो. बाबुलीचे दुःख केवळ अंधत्वाचे नाही, समोरचे चेहरे गेले हे त्याचे दुःख आहे. म्हणून त्या झांजवाल्यांचा प्रश्न चित्रपटाच्या विरुद्ध नव्हताच. चित्रपटात जे सांगितले आहे तेच त्यांनी आमच्या भाषेत सांगितले होते.

शहरी रंगभूमी मांडव आणि पडदा ह्या दोहोंच्या मध्ये कोठे तरी उभी आहे. तेथे नटाच्या तोंडावर प्रकाश आणि प्रेक्षकाच्या तोंडावर अंधार असतो, म्हणून नट आपल्याला फारसा पाहत नाही. पण तो आपल्याला ऐकतो. मुंबईस 'संगीत देवबाभळी'चा प्रयोग पाहिला तेव्हा ह्याचा प्रत्यय आला. प्राजक्त देशमुख यांचे हे नाटक २०१७ साली रंगमंचावर आले. तुकोबांची गर्भार पत्नी आवली, भंडाऱ्याच्या वाटेवर तिच्या पायात रुतलेला काटा, आणि लखूबाईचे रूप घेऊन तिच्या सेवेला आलेली प्रत्यक्ष रखुमाई: रंगमंचावर दोनच स्त्रिया, शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी, आणि साऱ्या संसाराचे ओझे त्या दोघींच्या गाण्या-बोलण्यात. आवलीच्या एका प्रश्नानंतर नाट्यगृहात जो निःशब्दपणा पसरला, त्यात आपले पुढचे वाक्य टाकण्यापूर्वी रखुमाईने नेहमीपेक्षा अंमळ अधिक थांबून आमचा श्वास ऐकला, असे मला त्या अंधारात स्पष्ट जाणवले. ते वाक्य लिहिलेले होते. ते थांबणे मात्र आमचे होते.

हे नाटक 'भद्रकाली प्रॉडक्शन्स'चे, आणि त्या नावातच आमच्या शेजारचा मालवण तालुका आहे. रेवंडी गावची ग्रामदेवता भद्रकाली, आणि तेथील सुपुत्र मच्छिंद्र कांबळी यांनी तिचे नाव आपल्या संस्थेला दिले. १९८० साली रंगमंचावर आलेल्या गंगाराम गवाणकर यांच्या 'वस्त्रहरण'मध्ये कांबळींचा तात्या सरपंच गावातल्या मंडळींकडून महाभारताचे नाटक बसवून घेतो, आणि त्या हौशी नटांच्या फजितीतून सारा कोकण रंगमंचावर उभा राहतो. आरंभी धडपडणाऱ्या ह्या नाटकाला पु. ल. देशपांडे यांनी मुक्तकंठाने दाद दिली, पुढे त्याचे पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले, ते लंडनपर्यंत गेले, आणि जी मालवणी बोली मुंबईत उच्चारावयास आमचेच लोक संकोचत असत ती नाट्यगृहाच्या दारावरील पाटीवर मानाने झळकली. कांबळी २००७ साली गेले. गवाणकर ऑक्टोबर २०२५ मध्ये गेले. गवाणकरांच्या निधनाची वार्ता कळली त्या संध्याकाळी आमच्या नाक्यावर चारचौघे जमले असता, कोणीही न सांगता, एकाने तात्याचे बोल सुरू केले आणि दुसऱ्याने पुढचे म्हटले. आपल्या बोलीच्या नाटककाराला ह्याहून उचित श्रद्धांजली कोणती असेल, हे मला ठाऊक नाही. मला स्वतःला 'वस्त्रहरण' हे दशावताराचेच थोरले अपत्य वाटते. कारण कांबळींनी लिखित शब्दांच्या मध्ये समोरच्या प्रेक्षकासाठी जागा सोडली, आणि त्या जागेत ते त्या रात्रीपुरते नवे काही बोलत असत.

आता ज्यासाठी हा सारा मजकूर लिहावयास घेतला ते सांगतो. त्या पौषातल्या रात्री तारामती त्या रडणाऱ्या मुलाकडे वळली, तेव्हा मांडवाच्या पुढच्या भागात बसलेल्या निम्म्याहून अधिक तरुणांनी मोबाईल डोळ्यांसमोर धरलेले होते. त्यांचा इरादा वाईट नव्हता. आपल्या गावचा खेळ दूरच्या नातलगांना दाखवावा, मुंबईच्या चुलत्याला तो घरबसल्या पाहता यावा, ही त्यांची माया मी जाणतो. पण खेळ संपल्यावर, पहाटे, दहीहंडी फुटून काल्याचा प्रसाद हातावर पडल्यानंतर, मी त्या नटाला रंगपटात भेटलो आणि त्या वाक्याबद्दल त्याचे हात हातात घेतले. खोबरेल तेलाने तोंडावरचा रंग पुसता पुसता तो म्हणाला की अलीकडे पुढच्या रांगेत चेहरे दिसत नाहीत, नुसते उजेडाचे चौकोन दिसतात; कोण हसले, कोण रडले, ते कळत नाही; म्हणून तो आता बायकामुलांच्या बाजूला तोंड करून बोलतो, कारण तेथे अजून चेहरे आहेत. ते मूल त्याच बाजूला रडले, हे आमचे भाग्य.

दशावताराला राजाश्रय नाही आणि लिखित ग्रंथही नाही. जो काही आधार आहे तो मांडवात बसलेल्या माणसाच्या मुखावर आहे. तेव्हा वाचकहो, माझी कळकळीची विनंती एवढीच की येत्या कार्तिकापासून सिंधुदुर्गातील कोणत्याही जत्रेला या, रात्री जेवण आटोपून या, अंगावर घ्यायला एखादी चादर आणा, जमले तर अगदी पुढे बसा, आणि संकासुर आल्यापासून पहाटेचा काला हातावर पडेपर्यंत मोबाईल खिशात ठेवा. नटाला तुमचा चेहरा दिसू द्या.